तळाचा व्ही वाढवण्याआधी बोट काट्यावर चढवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तुम्ही मित्रांनी मिळून गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरसाठी फायबरची बोट बांधली आहे. एरवी मासेमारांच्या कामाला आणि पुराच्या वेळी माणसं काढायला. लांबी ४.८ मीटर, दोन्ही चाइनमधली, म्हणजे तळाच्या दोन बाजूंच्या कडांमधली, रुंदी १.७ मीटर, तळाचा व्ही, म्हणजे तळाच्या बाजू आडव्या पातळीशी करतात तो कोन, १५ अंश, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, चार माणसांसह वजन अंदाजे ९०० किलो. ताशी बत्तीस-तेहतीस किलोमीटरच्या पुढे गेली की नाक वर-खाली आपटायला लागतं आणि ते थांबत नाही. साच्याआधी केलेलं १:८ चं मॉडेल फुटाळा तलावावर अगदी सरळ पळालं होतं. आता नवा साचा करायचा आहे आणि तुम्ही विचारताय, व्ही २० अंश केला तर हे थांबेल का?

तुम्ही व्ही विचारताय, पण तुमची अडचण व्हीची नाही, असं मला वाटतं. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की दोघांना पुढच्या फळीवर बसवलं की बोट शांत होते आणि एकटा चालवताना सगळ्यात जास्त उडते. निदान त्या एका ओळीत आहे.

मी नागपुरात हिंगण्याच्या बाजूला फायबरच्या बोटींची आखणी आणि चाचणी करते. सुरुवातीची काही वर्षं कोकणात नौकाबांधणीच्या आवारात गेली, गेली अठरा वर्षं विदर्भातल्या तलावांसाठी आणि धरणांसाठी काम करतेय. आपल्याकडे समुद्र नाही, पण वेगाने जाणाऱ्या बोटीचं गणित पाणी गोडं आहे म्हणून बदलत नाही. बदलतात त्या लाटा, उन्हाळा आणि बोट कुणासाठी बांधली ते.

आधी नाक का आपटतं ते. बोट हळू चालते तेव्हा ती पाण्यात बसलेली असते आणि स्वतःच केलेल्या लाटेत अडकलेली असते. तुमच्या बोटीची पाण्यातली लांबी चौदा फुटांच्या आसपास धरली, तर साधारण पाच नॉटला, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरला, तिची लाट तिच्याच लांबीची होते. त्यापुढे जायचं तर त्या लाटेवर चढावं लागतं. नाक वर येतं, इंजिन ओरडतं, मग बोट एकदम मोकळी होते. या चढाला आम्ही हंप म्हणतो. तो ओलांडला की बोटीचं बरंचसं वजन तळावर आपटणाऱ्या पाण्याच्या दाबाने उचललेलं असतं. हेच प्लेनिंग. आता बोट पूर्ण लांबीवर टेकलेली नसते, मागच्या साधारण निम्म्या लांबीच्या ओल्या पट्ट्यावर तोललेली असते. वेग वाढला की तो पट्टा आखूड होत जातो. वजन मागे असेल तर नाक आणखी उचललं जातं, पट्टा आणखी आखूड होतो, आणि एका टप्प्याला तोल ठरत नाही. नाक वर गेलं की उचल कमी पडते, बोट खाली येते, खाली येताना पट्टा एकदम लांब होतो, उचल जास्त होते, बोट पुन्हा वर. इंग्रजीत याला पॉरपॉइझिंग म्हणतात, डॉल्फिनसारख्या उड्या. तलाव आरशासारखा असला तरी हे होतं, कारण ते लाटांमुळे होतच नाही.

याचं गणित अमेरिकेतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या डॅनियल सॅवित्स्की यांनी १९६४ मध्ये मांडलं. टँकमधल्या असंख्य चाचण्यांतून त्यांनी उचल, ओली लांबी आणि ट्रिम, म्हणजे धावताना तळ पाण्याशी करतो तो कोन, यांची सूत्रं बसवली. साठ वर्षांनंतरही पहिला अंदाज त्यावरच काढतात. एका एक्सेल शीटवर मावतं. तुमचे आकडे मी त्यात घातले. वेग २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, वजन ९०० किलो, गुरुत्वमध्य ट्रान्समपासून, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपासून, सुमारे १.७५ मीटर पुढे असं धरून.

१५ अंशांच्या व्हीला ट्रिम साधारण ४.१ अंश येतो आणि एकूण रोध १३३ किलोच्या आसपास. त्यात जवळजवळ निम्मा वाटा वजन तिरक्या तळाने चढावर ढकलण्याचा आणि निम्मा पाण्याच्या घर्षणाचा. एवढा रोध त्या वेगाला ओढायला १८ हॉर्सपॉवर लागतात. आउटबोर्डच्या पंख्यात निम्मी ताकद वाया जाते असं धरते मी, म्हणजे इंजिनाकडून ३६. तुमचं ४० चं आहे, जेमतेम पुरतं. आता गुरुत्वमध्य तसाच ठेवून फक्त व्ही २० अंश केला तर तेवढीच उचल मिळवायला ट्रिम ४.५ च्या वर जातो, रोध १४२ किलो होतो आणि इंजिनाकडून साडेअडतीस हॉर्सपॉवर लागतात. १० अंश केला तर रोध १२५ वर येतो.

व्ही वाढवल्याने एक गोष्ट तुमच्या बाजूने होते, तीही सांगायला हवी. सॅवित्स्कींच्याच आलेखांत दिसतं की व्ही जास्त असेल तर उड्या सुरू होण्याआधी बोट थोडा जास्त ट्रिम सहन करते. पण तो व्हीच ट्रिम वाढवतो, म्हणजे मिळालेली सवलत बरीचशी तिथेच खर्च होते. वर चार माणसं आणि मे महिन्याची दुपार असेल तर बोट त्या वेगाला पोचणारच नाही. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण सहा टक्के विरळ असते, इंजिनाला तेवढी कमी मिळते. आपल्याकडे हिवाळ्यात उत्तम चाललेली बोट उन्हाळ्यात का चढत नाही, असं विचारणारे लोक दरवर्षी येतात.

आता तीच बोट, व्ही १५ च, फक्त गुरुत्वमध्य सरकवून बघा. तो ३० सेंटिमीटर मागे, १.४५ मीटरवर नेला तर ट्रिम पावणेपाच अंशांवर जातो आणि रोध फक्त चार किलोने कमी होतो. अर्धा मीटर पुढे नेला तर ट्रिम ३.२ अंशांवर येतो आणि रोध अकरा किलोने वाढतो. मागे वजन ठेवून वेग मिळतो असं सगळे म्हणतात, ते खरं आहे, पण मिळणारा वेग नगण्य आणि त्याबदल्यात नाक आपटणं. तुमच्या जागी मी गुरुत्वमध्य पुढे आणून थोडा रोध सहन करेन.

म्हणून पहिलं काम काट्याचं. ‘अंदाजे ९००’ चालणार नाही. तुमच्याकडे राइस मिल भरपूर आहेत, कुठल्याही मिलमध्ये प्लॅटफॉर्म काटा असतो. बोट रिकामी, इंजिन आणि टाकीसकट, मागे ट्रान्समखाली एक ठोकळा आणि त्याच्या ३.६ मीटर पुढे दुसरा. एक टोक काट्यावर, दुसरं तेवढ्याच उंचीच्या फळीवर, मग टोकं बदलून पुन्हा. समजा पुढचं टोक १८० किलो दाखवतं आणि मागचं ३३०, तर एकूण ५१०, आणि गुरुत्वमध्य मागच्या ठोकळ्यापासून १८० गुणिले ३.६ भागिले ५१०, म्हणजे १.२७ मीटर पुढे. त्यात माणसं जिथे बसतात तिथली वजनं मिळवा. एकटा माणूस हँडलपाशी बसला की आकडा किती मागे सरकतो ते बघून तुम्हीच चमकाल.

सरकवायचं कसं? पंचवीस किलोची बॅटरी आणि तेवढ्याच वजनाचा भरलेला पेट्रोलचा कॅन मागून उचलून अडीच मीटर पुढे ठेवला तर ९०० किलोच्या बोटीचा गुरुत्वमध्य चौदा सेंटिमीटर पुढे येतो. एकटा चालवणारा असेल तर एकोणीस-वीस. अडीच मीटर जास्तीची वायर आणि पेट्रोलची नळी, एवढाच खर्च. त्याचबरोबर इंजिनाच्या ब्रॅकेटमधली टिल्टची पिन एक भोक आत, ट्रान्समच्या बाजूला घ्या. त्याने पंख्याचा जोर नाक थोडं खाली दाबतो. दोन्ही एकाच दिवशी करू नका. आधी एक, चाचणी, मग दुसरं, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

एवढं करूनही उड्या राहिल्या तर तळ तपासा, आणि खरं सांगायचं तर नव्या साच्याला हात लावण्याआधी तो कसाही तपासाच. आमच्याच शेडमधली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एकाच साच्यातून दोन बोटी काढल्या. एक लोण्यासारखी चालली, दुसरी तुमच्यासारखी उड्या मारायची. इंजिन तेच, वजन तेच, माणसं तीच. मी दोन दिवस कागदावर आकडे मांडत बसले होते. आमच्या बुजुर्ग मिस्त्रींनी बोट उलटी करायला लावली, दोन मीटरचा अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, बाजूने तळावर ठेवला आणि टॉर्च पलीकडून धरला. पाइप मधोमध टेकत होता आणि ट्रान्समच्या टोकाला खालून उजेड येत होता. ‘मॅडम, हिले पोट आलं हाये,’ एवढंच म्हणाले. टोकाला फट मोजली, सहा मिलिमीटर. तीन नाणी एकावर एक सरकत होती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ती बोट एप्रिलमध्ये साच्यातून घाईने बाहेर काढली होती. आतले स्ट्रिंगर, म्हणजे तळ ताठ ठेवणाऱ्या लांब पट्ट्या, बसवायच्या आधी ती आधाराच्या दोन घोड्यांवर ठेवली गेली, एक घोडी थेट ट्रान्समखाली आणि दुसरी मध्यावर. पत्र्याच्या शेडमध्ये, अजून पूर्ण न पिकलेलं रेझिन, आणि मधला तळ आपल्याच वजनाने खाली झुकला. मग स्ट्रिंगर त्याच आकारावर चिकटले आणि पोट कायमचं झालं. तळ मागच्या टोकाला असा वर वळला असेल तर पाणी त्या वळणाला चिकटून खाली ओढ लावतं, ट्रान्सम खाली बसतो, नाक वर जातं. याला रॉकर म्हणतात. उलट मागचं टोक खाली वळलेलं असेल तर त्याला हुक म्हणतात, त्याने नाक दबतं, वेग जातो आणि वळणावर बोट पुढच्या टोकावर फिरू बघते, ते जास्त धोक्याचं. वेगवान बोटीचा मागचा दीड-दोन मीटर तळ लांबीच्या दिशेने सरळ हवा, सुतात. मी दोन मिलिमीटरच्या वर फट चालवून घेत नाही.

आम्ही ती बोट पुट्टीने भरून, लांब पट्टीने घासून सरळ केली आणि उड्या थांबल्या. भरण्याआधी खात्री करायची असेल तर ट्रान्समच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंना पातळ पाचर लावून बघा, दीडशे मिलिमीटर लांब आणि मागच्या टोकाला पाच-सहा मिलिमीटर जाड. ही पाचर म्हणजे मुद्दाम केलेला छोटा हुक. फरक पडला तर दिशा बरोबर आहे.

पाइप हातात आहे तोवर चाइनवर अंगठाही फिरवा. चाइन म्हणजे तळ आणि बाजू मिळतात ती कड. फायबरवाले ती गोल ठेवतात, कारण काचतंतूंची मॅट तीक्ष्ण कोपऱ्यात बसत नाही, मागे पोकळी राहते. पण गोल कडेवरून पाणी सुटत नाही, चिकटून बाजूवर चढतं, ओला भाग वाढतो आणि उचल जाते. ट्रान्समच्या खालच्या कडेचंही तेच. नव्या साच्यात कोपऱ्यात आधी चिरलेल्या काचतंतूंची रेझिनमध्ये कालवलेली पेस्ट भरा आणि मग मॅट टाका. कड अंगठ्याला टोचल्यासारखी वाटली पाहिजे.

आता तुमच्या मॉडेलबद्दल, कारण त्यावर मेहनत घेतलेली दिसते आणि ती वाया गेली असं वाटायला नको. मॉडेल साठ सेंटिमीटरचं, म्हणजे १:८ बरोबर. पण मॉडेलचं वजन मापाच्या घनाने उतरतं आणि वेग मापाच्या वर्गमुळाने. हा नियम विल्यम फ्रूड यांचा, १८७२ मध्ये इंग्लंडमध्ये टॉर्कीला त्यांनी टँक बांधला तेव्हापासून जगभर हाच चालतो. ९०० किलोच्या बोटीचं मॉडेल ९०० भागिले ५१२, म्हणजे पावणेदोन किलोचं हवं. तुमचं होतं १.१ किलोचं. ते ५६० किलोच्या बोटीचं मॉडेल झालं. वेग तुम्ही ताशी २० किलोमीटर मोजलात, म्हणजे खऱ्या बोटीचे साडेछप्पन. आणि बॅटरी मधोमध होती, तर खऱ्या बोटीत इंजिन, कॅन आणि चालवणारा तिघेही मागे. तुम्ही फुटाळ्यावर हलकी, पुढे वजन असलेली, वेगळ्याच वेगाची बोट तपासलीत आणि ती खरोखर चांगली चालली.

पुन्हा करणार असाल तर १:४ चं करा. १.२ मीटर लांब, चौदा किलो, आणि ताशी ३७ साठी वेग बरोबर निम्मा, साडेअठरा. गुरुत्वमध्य काट्यावर मोजलेल्या जागेवर आणा. शिवाय वजनं मध्ये गोळा न करता खऱ्या बोटीसारखी पुढे-मागे विखरून ठेवा, कारण उड्यांचा ताल त्यावर ठरतो. दुसऱ्या बोटीच्या बाजूला तीन मीटरचा बांबू आडवा बांधून, तिच्या लाटेच्या बाहेर, पंख्याचा जोर जिथून लागतो त्या उंचीवर दोरी बांधून ओढा. दोरीला स्प्रिंग काटा लावला तर रोधही कळेल. मात्र तो आकडा सरळ ६४ ने गुणू नका. मॉडेलवर घर्षण प्रमाणाबाहेर जास्त असतं, ते वेगळं काढून वजा करावं लागतं आणि खऱ्या बोटीचं घर्षण नव्याने मिळवावं लागतं. उड्या मारते का आणि किती अंशांवर, एवढंच बघायचं असेल तर हा हिशेब लागत नाही. बाजूने व्हिडिओ घ्या आणि निम्म्या गतीने चालवून बघा, खरी बोट दिसेल. विशाखापट्टणमला एनएसटीएल या नौदलासाठीच्या प्रयोगशाळेत आणि खडगपूर, मद्रासच्या आयआयटीत मॉडेल ओढून तपासायचे मोठे टोइंग टँक आहेत, पण एका पाच मीटरच्या बोटीसाठी तो रस्ता मी सांगणार नाही.

खऱ्या बोटीची चाचणी सकाळी सहा ते आठमध्ये घ्या, वारा सुटायच्या आत. काठावर पाचशे मीटरच्या दोन खुणा, दोन्ही दिशांनी एकेक फेरी आणि दोन्हीची सरासरी. वेग फोनच्या जीपीएसवर. दुसरा फोन कीलला समांतर फळीवर चिकटवून त्यावर ट्रिमचा कोन, सुरुवातीला बोट सपाट जमिनीवर असताना शून्य केलेला. दर दोन किलोमीटरने वेग वाढवायचा आणि आकडे तिसऱ्याने लिहायचे, चालवणाऱ्याने नाही. माणसांऐवजी वाळूची पोती, म्हणजे वजन हलत नाही. लाइफ जॅकेट, किल स्विचची, म्हणजे माणूस पडला तर इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला, आणि शेजारी दुसरी बोट. उड्या सुरू झाल्या की आकडा टिपून लगेच वेग कमी करा. उड्या चालू असताना वळण घेऊ नका, माणूस बाहेर फेकला जातो. गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये बुडालेल्या झाडांची खुंटं असतात, म्हणून पट्टा आधी हळू चालवून तपासून ठेवा.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, नव्या साच्याचा व्ही किती. हे पाण्यावर ठरतं. खोल व्हीचा बोलबाला झाला तो १९६० च्या मायामी-नॅसॉ मोटरबोट शर्यतीमुळे. रे हंट यांनी आखलेली, चोवीस अंशांच्या आसपास व्ही असलेली डिक बर्ट्रम यांची ‘मॉपी’ खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि जगभर तसेच तळ निघाले. त्या व्हीने लाटेवर आपटण्याचा मार कमी होतो, त्याची किंमत इंजिनाच्या ताकदीने चुकवायची. तुमच्या पाण्यावर फूटभराच्या आखूड लाटा असतील तर एवढी किंमत कशाला द्यायची? शिवाय २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तसल्या पाण्यात बोट न्यायची असेल तर खोल व्ही जमिनीला लागतो. माणसं चढताना तशी बोट एका बाजूला जास्त झुकते. तिथे सपाट तळाची किंवा हवा भरायची बोटच बरी.

मी तुमच्या जागी असते तर ट्रान्समला १२ ते १४ अंश ठेवले असते. तोच कोन मागचा अर्धा भाग न बदलता, आणि तिथून पुढे नाकाकडे वाढवत नेला असता, म्हणजे लाट कापली जाईल आणि उचल मागे राहील. बॅटरी आणि टाकीची जागा साच्याच्या नकाशातच पुढे आखा, नंतर जागा मिळत नाही. पण हे सगळं काट्यावरचे आकडे आणि पाइपखालची फट हातात आल्यावर. ते दोन आकडे कळवा, आणि एकटा चालवताना कुठल्या वेगाला उड्या सुरू होतात तेही. मग तुमच्या बोटीचं शीट मी पुन्हा मांडून देईन.